सलून-पार्लर कारागिरांच्या आरोग्य तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

तालुक्यातील सलून आणि पार्लर चालवणाऱ्यांच्या आमच्या मंडळाने खास कारागिरांसाठी आरोग्य तपासणी ठेवायचे ठरवले आहे. दुकाने बंद असतात म्हणून वार सोमवार. एक दिवस दुकान बुडवून दवाखान्यात जाणारा कारागीर आम्ही तरी पाहिलेला नाही.

सगळ्यात मोठी तक्रार हातांची. काळ्या हेअरडायमध्ये पीपीडी नावाचे रसायन असते. त्याने बोटांना खाज सुटते, कातडी लाल होते, भेगा पडून पाणी वाहते. पाकिटातले पातळ प्लास्टिकचे हातमोजे पहिल्याच डोक्याला फाटतात, म्हणून बरेच जण ते घालतच नाहीत. एकदा ही ॲलर्जी बसली की बहुधा जन्माची सोबत. मग डायचे काम सोडावे लागते, आणि नुसत्या कटिंग-दाढीवर गाळ्याचे भाडे निघत नाही. म्हणून आम्हाला आधी नायट्राइलचे, म्हणजे सहज न फाटणाऱ्या कृत्रिम रबराचे हातमोजे हवे आहेत.

दुसरी गरज हेपटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होणाऱ्या काविळीच्या लसीची. गिऱ्हाइकाच्या दाढीला नवे ब्लेड लावतो, पण ते बदलताना आपलेच बोट कापते त्याचे काय? हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली २०११ मध्ये. आमचे बहुतेक सभासद त्याच्या कितीतरी आधी जन्मलेले. सहा महिन्यांत तीन डोस घ्यावे लागतात, म्हणजे खर्चही तीनदा.

दिवसभर उभे राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, हात वर धरून खांदा धरतो. केस सरळ करणाऱ्या स्मूदनिंगच्या काही क्रीममधून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. तो कर्करोगकारक आहे आणि आमच्या बऱ्याच गाळ्यांना खिडकी नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांच्या आजारपणाचा सरकारी विमा, साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. इथे मालक, कारागीर आणि झाडूवाला एकच.

रोख मदत करणाऱ्यांनी कोणत्याही सभासदाच्या दुकानात देऊन मंडळाची छापील पावती अवश्य घ्यावी. लस, हातमोजे, चाकांचे उंच स्टूल किंवा एक्झॉस्ट फॅन दिलात तरी चालेल. त्वचारोग आणि अस्थिरोग तज्ज्ञांनी एखाद्या सोमवारचे दोन तास दिले, तर जागा आणि चहापाण्याची सोय आमच्याकडे.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींची तपासणी सकाळी वेगळी होईल. मंडळाचे सभासद नसलेल्यांनीही यावे.

आपले,
मंडळाचे पदाधिकारी व सभासद