भिंतीवरच्या त्या होडीबद्दल मनःपूर्वक आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या सॉफ्टवेअर टीमच्या स्क्रम मास्टर, म्हणजे कामाची पद्धत सांभाळणाऱ्या मार्गदर्शक, म्हणून काम संपवून दुसऱ्या प्रकल्पावर गेलात, त्याला आता दीड वर्ष होत आले. निरोपाच्या गडबडीत बोलायचे राहून गेले ते आज लिहितो आहे, आणि उघड पत्रातून लिहितो आहे, कारण जिथे रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून पाहण्याची बैठक, हा निव्वळ उपचार उरला आहे तिथे कोणाला तरी याचा उपयोग व्हावा, असे मनापासून वाटते.

आपण येण्यापूर्वी दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, संपला की आम्ही तासभर बसत असू. बोलणारे तेच दोघे-तिघे, बाकीच्यांची नजर लॅपटॉपवर. आपण पहिल्याच बैठकीत लॅपटॉप मिटायला लावले, भिंतीवर मोठा कागद चिकटवून त्यावर स्केचपेनने होडी काढली आणि शिडात भरणारा वारा (पुढे नेणारे), खाली रुतलेला नांगर (अडवून ठेवणारे) व पुढचे खडक (येऊ घातलेले धोके) यांविषयी प्रत्येकाला चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. सात मिनिटे कोणीही बोलायचे नाही, एवढी एकच अट होती. वर्षभर बैठकीत क्वचितच तोंड उघडलेल्या आमच्या टेस्टिंगच्या सहकारी उठल्या आणि त्यांनी नांगराशेजारी चार चिठ्ठ्या लावल्या. चारही चिठ्ठ्यांचा रोख एकच होता: बिल्ड, म्हणजे तपासायची नवी आवृत्ती, शुक्रवारी संध्याकाळी हातात पडतो.

त्याहून मोठे ऋण त्या फसलेल्या रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांसाठी सोडण्याच्या, वेळचे आहे. ग्राहकांना एकच बिल दोनदा गेले होते आणि सगळ्यांची बोटे एका नवख्या सहकाऱ्याकडे वळली होती. आपण आधी रेट्रोस्पेक्टिव्हवर पुस्तक लिहिणाऱ्या नॉर्म कर्थ यांचे तत्त्व वाचून दाखवले, की त्या वेळची माहिती, कौशल्य, साधने आणि परिस्थिती पाहता प्रत्येकाने आपल्या परीने उत्तमच काम केले, असे धरून चालायचे. मग दहा दिवसांची आडवी रेघ आखून ज्याने त्याने आपापल्या आठवणीप्रमाणे घटना लावायच्या होत्या. मंगळवारी मागणी बदलल्याची चिठ्ठी, बुधवारपासून कोडचा रिव्ह्यू करणारे दोघेही रजेवर असल्याची चिठ्ठी आणि गुरुवारी ‘आजच सोडा’ असा निरोप आल्याची चिठ्ठी, त्यांतली ही शेवटची माझ्याच हातची, अशा ओळीने लागल्या, तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा मान वर करून भिंतीकडे पाहत होता.

अजाइल या सॉफ्टवेअर कार्यपद्धतीच्या जाहीरनाम्यामागच्या बारा तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व, ठरावीक काळाने थांबून स्वतःच्या कामाकडे पाहण्याचे, २००१ पासून लिहिलेले आहे आणि आम्हा सर्वांना ते पाठही होते. ते पाळायचे कसे, हे मात्र आपण शिकवलेत. खेळ बदलत राहिलात, पण शेवटी एकच निर्णय, त्यापुढे एक नाव आणि तारीख, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच निर्णयाच्या वाचनाने, हा क्रम कधी मोडला नाहीत. माझ्या मते खरी कमाई तीच.

गेल्या आषाढात त्याच मुलाने रेट्रोस्पेक्टिव्ह घेतली. त्याने कागदावर पालखीचा मार्ग काढला होता: बरोबर चालणारी दिंडी, मध्ये दिवे घाटाची चढण, पुढे विसावा. घाटावर सर्वाधिक चिठ्ठ्या लागल्या, त्यांपैकी एक त्याची स्वतःची होती आणि ती त्याने मोठ्याने वाचली. त्या कागदाचा फोटो आपल्याला वेगळा पाठवला आहे.

आपला कृतज्ञ,
टीममधील एक सहकारी, पुणे