समूह शाळा : सुटीच्या घंटेनंतरच्या तासाचे काय?

माननीय संपादक यांस,
सादर नमस्कार.

कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात की नाही, याविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून मजकूर येत असतो. शिक्षण आयुक्त कार्यालयाने 21 सप्टेंबर 2023 रोजी 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळांबाबत असे प्रस्ताव मागविले, तेव्हा राज्यात अशा 14,783 शाळा असून त्यांत 1 लाख 85 हजारांहून अधिक मुले शिकत असल्याचे आकडे पुढे आले. तेव्हापासून वर्गखोल्या, शिक्षकांची पदे, वाहतुकीचा खर्च आणि शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतील अंतराची अट, म्हणजे पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर, यांचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला जातो. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या हायस्कुलातून शारीरिक शिक्षण शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. या सगळ्या हिशेबात मैदान कोणीच धरत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे हायस्कूल हीसुद्धा एका अर्थाने समूह शाळाच होती. फक्त तिला तसे कोणी म्हणत नसे. जिल्हा परिषदांच्या आधी कारभार पाहणाऱ्या जनपद सभेच्या काळात आमच्या भागात गावोगाव चार यत्तांच्या शाळा होत्या आणि पुढे शिकायचे तर यवतमाळ किंवा अमरावती गाठावी लागे. विदर्भ 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि त्याच दशकात आमच्या पंचक्रोशीतील आठ गावांनी वर्गणी काढून आठवीचा पहिला वर्ग कापसातील सरकी काढणाऱ्या, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात सुरू केला. शाळा कोणत्या गावात व्हावी, यावर म्हणे दोन हंगाम भांडण चालले. शेवटी ती आमच्या गावात झाली, ती गाव मोठे म्हणून नव्हे, तर पावसाळ्यात नाला न ओलांडता आठांपैकी पाच गावांची मुले येथेच पोहोचू शकत होती म्हणून. मुलांच्या पायांचा विचार करून शाळेची जागा ठरविण्याची ही रीत आजच्या नकाशांवरून मारलेल्या रेघांपेक्षा मला अधिक शहाणपणाची वाटते.

मैदानाची गोष्ट त्याहून सांगण्यासारखी आहे. एका शेतकऱ्याने दान दिलेली जमीन कसदार काळी होती. म्हणजे पऱ्हाटीसाठी, कपाशीसाठी उत्तम आणि खेळासाठी अगदी वाईट. उन्हाळ्यात तिला मुलाचे पाऊल अडकावे अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात चालताना पायांना किलोभर चिखल चिकटतो. प्रत्येक गावाने मुरुमाच्या किती बंड्या, म्हणजे बैलगाड्या, द्यायच्या हे ठरले, टेकडीवरून मुरूम आला, त्यावर दगडी रूळ फिरला आणि खो-खोचे एक व कबड्डीची दोन मैदाने तयार झाली. दर दोन-तीन वर्षांनी काळी माती मुरूम गिळून टाके आणि बंड्या पुन्हा लागत. मी नोकरीला लागलो तेव्हाही हा रिवाज चालू होता.

खेळ हेच का, तर ते परवडत होते. खो-खोला दोन खांब आणि रेघा आखायला पांढरी फक्की लागते. कबड्डीला फक्कीसुद्धा नसली तरी चालते. शिवाय वऱ्हाडात देशी खेळांची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आमच्या शाळेचे पहिले पी.टी.चे सर त्याच मंडळात शिकलेले होते आणि मीही तेथलाच. त्यामुळे सूर कसा मारायचा, साखळी पळ कशी तोडायची, खांबाशी हूल कशी द्यायची, हे आमच्या मुलांना क्रीडा संकुल हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

येथे समूह शाळेच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. खो-खोच्या संघात 12 खेळाडू असतात आणि त्यांतील 9 मैदानात उतरतात. वीस मुलांच्या शाळेत एका वयोगटाच्या मुलींचा संघ उभाच राहू शकत नाही, मग 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे शालेय स्पर्धांचे तीन गट तर दूरच. आमच्या आठ गावांतली कोणतीही एकटी शाळा तालुक्याच्या स्पर्धेत उतरली नसती. एकत्र आल्यामुळेच आम्ही जिल्ह्यापर्यंत आणि दोनदा विभागापर्यंत गेलो. नाल्याकाठच्या गावाची मुले वाळूत खेळून वाढलेली, म्हणून त्यांची पकड चिवट. तांड्यावरच्या मुली पळण्यात कोणाला ऐकत नसत. एरवी पोळ्याच्या तोरणावरून हमरीतुमरीवर येणारी गावे स्पर्धेच्या दिवशी एकाच बाजूने ओरडत. तेव्हा शाळा एकत्र करण्याला माझा सरसकट विरोध आहे, असे कोणी समजू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे की हे सारे सुटीच्या घंटेनंतरच्या एका तासात घडत होते. मुले पायी आणि पुढे सायकलींनी येत, पाच वाजता शाळा सुटली की दप्तरे वडाखाली टाकून तासभर खेळत आणि दिवेलागणीला घरी पोहोचत. नंतर मुलांची ने-आण करणारी गाडी सुरू झाली. ती सुरू झाली हे चांगलेच झाले, कारण तिच्यामुळे नववी-दहावीतल्या मुलींची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढली. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्यांनी मागास तालुक्यांतील मुलींसाठी केलेले काम कोणीही नाकारू नये. पण आमची गाडी घंटेनंतर दहा मिनिटांनी सुटत असे आणि तिच्यामागे दुसरी नव्हती. एका वर्षी माझ्या 17 वर्षांखालील मुलींच्या संघातल्या बारापैकी सात जणी गाडीच्या होत्या. सराव मधल्या सुटीत घ्यावा लागला. वर ऊन, पोटात नुकतीच गेलेली खिचडी. त्यांच्यातली सर्वांत चपळ मुलगी, जिला बाद करायला मुलांचाही संघ दमून जाई, ती दिवाळीनंतर आलीच नाही. तिचे वडील काही दिवस तिला दुचाकीने न्यायला येत होते, पण कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना ते कसे जमणार? गाडी एक तास उशिरा सोडावी असा अर्ज आम्ही संबंधित कार्यालयाला केला होता. वेळापत्रकात बसत नाही, असे उत्तर आले.

त्यात विदर्भाची एक अडचण अशी की उन्हाळ्यामुळे आमच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि तालुक्याच्या स्पर्धा मात्र पावसाळ्यातच होऊन जातात. सरावाचे दोन आठवडे आमचे सुरुवातीलाच बुडालेले असतात आणि उरलेले दिवस काळ्या चिखलात जातात. अशा स्थितीत रोजचा तोच एक तास राहतो. तो गाडीने नेला म्हणजे खेळच गेला. क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण मग कागदावर कितीही उदार दिसो, ते ज्यांच्या घराला मैदान लागून आहे त्यांच्याच वाट्याला येणार.

अंतराचा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही, आणि त्याचे उत्तरही आपल्याच लोकांनी शोधलेले होते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, पण त्याच्या आधीच त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले होते. शेतकऱ्याचे पोर शिकायचे तर ते आधी शाळेजवळ राहिले पाहिजे, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांमधील पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांच्या जिद्दीला आणि प्रशिक्षणाला तोड नाही, परंतु शाळा सुटल्यावर गाडी पकडण्यासाठी त्यांना धावावे लागत नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आश्रमशाळांचे इतर दोष मला ठाऊक आहेत. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

समूह शाळा करायच्याच असतील तर मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीची दुसरी फेरी सुटीनंतर तासाभराने असावी, आणि तिचा खर्च पहिल्या दिवसापासून प्रस्तावात धरलेला असावा; नंतर पाहू म्हटले की काय होते, ते वर सांगितले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आवश्यकच मानले आहे आणि सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर गेला की आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. शाळा एकत्र केल्यावर पट तेवढा सहज होईल, तेव्हा हे पद भरण्याचे टाळता येऊ नये. काळ्या जमिनीवरच्या मैदानासाठी मुरुमाची तरतूद दर दोन-तीन वर्षांनी लागेल, कारण आता बंड्या द्यायला गावात बैलच फारसे उरलेले नाहीत. आणि ज्या गावची शाळा उठेल, त्या गावचे मैदान त्याच गावच्या मुलांकडे राहू द्यावे. तेथे गोदाम किंवा सभामंडप उभा राहिला की सुटीच्या दिवशीही खेळायला जागा उरणार नाही. ही भीती मी कल्पनेने व्यक्त करीत नाही.

आणखी एक बाब किरकोळ वाटेल, पण लिहितो. आमच्या शेजारच्या गावची एक छोटी शाळा काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शाळेत सामावून घेतली गेली. तेव्हा दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट आणि कपाटे नियमाप्रमाणे नव्या शाळेत गेली, त्यांची पोचही झाली. खेळाडूंची नावे लिहिलेली जुनी वही मात्र कोणत्याच यादीत नव्हती, म्हणून ती रद्दीत गेली, आणि तालुक्याच्या स्पर्धेत मुलींनी जिंकलेली लाकडी ढाल ओसरीत पडून राहिली. त्या संघातल्या मुली आज आज्या झाल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीने ती ढाल पाहिली आणि माझ्याकडे आणून दिली. ती सध्या माझ्या घरी, भिंतीवर आहे. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी निरोप दिल्यास मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
जिल्हा यवतमाळ