बाबांनी विचारलं, ब्रेक कुठला?

मुंबई, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या स्टंटबद्दलचं हे बोलणं फोनवर पुढे सरकत नाही. आई, तू दोन वाक्यांत रडायला लागतेस आणि बाबा, तुम्ही "बघू" म्हणून ठेवून देता. मागच्या वेळी ठेवण्याआधी तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि ब्रेक कुठला?" जन्मभर बेस्टची बस चालवलेल्या माणसाचा प्रश्न आहे तो, आणि नेमका तोच विचारायला हवा. म्हणून लिहायला बसले. मी मोटरसायकलवरचे स्टंट शिकते आहे आणि पुढेही शिकणार आहे. ते कसं चालतं आणि त्यात काय काय मोडू शकतं, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

तर बाबा, ब्रेक मागचा. पुढचं चाक उचलून गाडी एका चाकावर चालवायची, तिला व्हीली म्हणतात. पहिल्या गिअरमध्ये, सायकलइतक्या वेगात, क्लच दाबून थोडी रेस द्यायची आणि क्लच सोडायचा, की पुढचं चाक उठतं. एका उंचीवर गाडी तोलावर येते, मग इंजिनाने ओढावं लागत नाही. त्याच्या पलीकडे गेली की ती मागे उलटायला लागते, आणि त्या क्षणी मागचा ब्रेक हलका दाबला की पुढचं चाक खाली येतं. उजवा पाय त्या पेडलवरून काढायचाच नाही. आमच्या सरांनी सुरुवातीचे कित्येक रविवार चाक वर नेऊच दिलं नाही. वीतभर उचल, ब्रेकने खाली आण. पुन्हा उचल, पुन्हा आण. विचार करायच्या आधी पाय दाबला जाईपर्यंत हेच.

इतकं घोटून घेण्याचं कारण आहे. माणूस घाबरला की हात उलटं वागतो. अंग मागे सरकतं, मूठ आवळते, आणि आवळलेली मूठ रेस आणखी पिळते. गाडी आणखी उठते. शिकाऊ माणूस बहुतेक असाच पडतो. म्हणून सरावाच्या गाडीवर बऱ्याच गोष्टी बसवलेल्या असतात. गाडी जुनी 200 सीसीची आहे, रस्त्यावर ती येतच नाही. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मोठं टाकलंय, त्यामुळे कमी वेगातही चाक उठतं. इंजिनाभोवती लोखंडी पिंजरा आहे. सीटच्या मागे एक दांडा आहे, गाडी पार उभी झाली तर तो जमिनीवर घासतो आणि गाडी माझ्या अंगावर येत नाही. माझ्या मनगटाला एक दोरी असते. मी गाडीपासून सुटले की ती स्विचमधून निघते आणि इंजिन बंद पडतं.

आणि पडायचं कसं, तेही शिकवतात. गाडी हातून गेली असं वाटलं की ती सोडायची, मागच्या मागे पायांवर उतरायचं आणि दोन पावलं पळायचं. गाडीचा मोह धरायचा नाही. ऐकायला सोपं आहे. हँडल सोडणं हे मला चाक उचलण्यापेक्षा अवघड गेलं.

मागचं चाक उचलतात ती स्टॉपी. तिथे सगळा खेळ पुढच्या ब्रेकवर, आणि तो मला अजून फार थोडा जमतो. ब्रेक झटक्यात दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. हँडल जरा वाकडं असलं किंवा खाली रेती असली की पुढचं चाक घसरतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात आमचा सराव पूर्ण बंद असतो. पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा बस कशी सरकते, ते तुम्हीच मला लहानपणी सांगितलंय.

वेगाबद्दल एक हिशोब सांगते, बाबा, तुम्हाला पटेल. ताशी 20 किलोमीटरने आपटणं म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडणं, उभा माणूस कोसळावा तसं. ताशी 80 ने आपटणं म्हणजे 25 मीटरवरून, आठव्या मजल्यावरून. वेग चौपट झाला की मार सोळापट होतो. आम्ही त्या 20 च्या आसपास असतो. दीड मीटरवरून पडूनही माणसाचं डोकं फुटू शकतं, हे मला माहीत आहे. पण रात्री बांद्रा रेक्लमेशनला किंवा वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मुलं जे करतात त्यात आणि यात काय फरक आहे, तो या आकड्यांतच आहे. तिथे समोरून रिक्षा येते, दुभाजक असतो, चालणारी माणसं असतात. त्या माणसांनी हा धोका पत्करलेला नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली असल्या धोकादायक चालवण्याला पहिल्याच गुन्ह्यात 6 महिने ते 1 वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ते योग्यच आहे. आमचा सराव कळंबोलीच्या बाजूला ट्रक उभे करायच्या एका खासगी आवारात चालतो, मालकाच्या लेखी परवानगीने. आधी अर्धा तास झाडू मारून खडी काढतो, मग गाडी चालू.

आता आई, तुझ्यासाठी. तू म्हणालीस, "तू रोज हॉस्पिटलात असली पोरं बघतेस, तरी?" हो, बघते. फिजिओथेरपी विभागात बाईकवरून पडलेली मुलं माझ्याच टेबलावर येतात. हात टेकून पडतात त्यांचं मनगट जातं. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटंसं हाड असतं. ते पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही आणि रक्तपुरवठा कमी असल्यामुळे जुळायला महिने घेतं. खांद्यावर पडले की कॉलरबोन. गाडी मागे उलटली आणि बसल्या जागी आपटले की माकडहाड. ही हाडं बरी होतात.

मला ज्याची भीती वाटते ते वेगळं आहे. डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला जोरात ओढला गेला तर मानेतून हातात उतरणाऱ्या नसा तुटतात. वरून काही दिसत नाही. हेल्मेट शाबूत, चेहरा शाबूत, आणि हात नुसता लोंबतो. ऑपरेशनं होतात, वर्षानुवर्षं व्यायाम चालतो, तरी पुष्कळदा हात पहिल्यासारखा होत नाही. अशा मुलांच्या आया बाहेर बाकावर बसलेल्या असतात, डबा घेऊन. त्यांच्याकडे बघताना मला तू दिसतेस. हे तुला कधी बोलले नव्हते.

मी आयएसआयचं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट वापरते, आणि त्याला एकदा जोराचा मार बसला की ते फेकायचं, कारण आतला थर एकदाच दबून धक्का खातो. हातमोजे, कोपरांना आणि गुडघ्यांना पॅड, घोट्यापर्यंत बूट, पाठीला कवच. तरीही पाठीचं कवच थेट बसणारा मार अडवतं, पाठ वाकण्यापासून अडवत नाही. मान तर हेल्मेट वाचवतच नाही. तेव्हा "काही होणार नाही" असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. मी रोज ज्या माणसांबरोबर काम करते त्यांच्यासमोर ते खोटं ठरेल.

मग का? मला ते मनापासून आवडतं, आई. आठवडाभर मी लोकांना सांगते, या पायावर भार टाका, तो धरेल, आणि ते घाबरून टाकत नाहीत. माझी स्वतःची भीती अशी थोडी थोडी शिकवता येते, हे मला त्या आवारात पहिल्यांदा अंगात उतरलेलं कळलं. 2018 च्या प्रजासत्ताक दिनाला सीमा सुरक्षा दलाच्या मुली राजपथावर मोटरसायकलींवर उभ्या राहिल्या, ते सीमा भवानी पथक तू टीव्हीसमोर उभं राहून बघितलंस. त्या काही वेगळ्या मातीच्या नाहीत. त्या दिवशी दिसलं त्याच्यामागे महिनोन्‌महिने पडणं-उठणं होतं.

पैशाचंही लिहिते, कारण बाबा हे विचारणारच. माझ्या आरोग्यविम्याच्या अटी मी नीट वाचल्या आहेत. साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली दुखापत त्यात बसत नाही. म्हणून पैसे घेऊन कुठलाही शो करणार नाही. दोन ठिकाणांहून विचारणा झाली, नाही म्हणून कळवलं. पॉलिसीची प्रत दादाकडे दिली आहे. सरावाला एकटी कधीच जात नाही, आणि आमच्यातला एक जण गाडी न चालवता नुसता उभा असतो, त्याच्याकडे घरचे नंबर, रक्तगट आणि चारचाकीची किल्ली असते.

आई, तू कुलदेवतेची शपथ घालून "सोड" म्हणालीस. ती शपथ मी घेणार नाही. घेतली तर तुझ्या समाधानासाठी घेईन आणि मनात रोज मोडेन. पण एक गोष्ट मी ठरवली आहे. दिवाळीनंतर तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या महिनाभर आधीपासून माझा सराव बंद. ऑपरेशननंतर तुला उचलायला, चालवायला, रात्री संडासाला न्यायला मला दोन्ही हात आणि दोन्ही पाय धड लागतील. तू आधाराशिवाय जिना चढून माळ्यावर जाशील त्या दिवसापर्यंत मी गाडीला हात लावणार नाही. तुमच्या या वयात मला तुमचं करायचं आहे. तुम्हालाच माझं करावं लागेल, ही माझी सगळ्यात मोठी भीती आहे, मरणाच्या भीतीपेक्षाही.

बाबा, तपासणीसाठी तुम्ही दोघं पुढच्या महिन्यात येणारच आहात. कोकणकन्येची तिकिटं मी काढते, कुडाळ ते ठाणे, खालचे बर्थ. रविवारी सकाळी माझ्याबरोबर कळंबोलीला चला. आईला नसेल यायचं तर ती मावशीकडे थांबेल, मी आग्रह करणार नाही. तुम्ही मात्र या, आणि मी बसायच्या आधी गाडीचे दोन्ही ब्रेक स्वतः तपासा. तुम्हाला पटले नाहीत तर त्या दिवशी गाडी चालू होणार नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, इथूनच पाठवते.

तुमची,
धाकटी