होकार कोणी दिला, ते कंपनीने दाखवावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फोनच्या बिलात परस्पर लावल्या जाणाऱ्या शुल्काविषयीची आपली कालची बातमी वाचली. विषय घेतलात हे चांगलेच झाले. परंतु 'ग्राहकांनी बिल काळजीपूर्वक तपासावे, अनोळखी संदेशावर बटण दाबू नये' हा तिच्या शेवटचा सल्ला वाचून फार वाईट वाटले, कारण त्यात पैसे घेणाऱ्याला सोडून ज्याचे पैसे गेले त्यालाच बेसावध ठरवले आहे.

माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. त्यांच्या साध्या, बटणांच्या फोनचे पोस्टपेड बिल यजमानांच्या बँक खात्यातून आपोआप भरले जाते. गेल्या महिन्यात ते सहज उघडून पाहिले, तर मूल्यवर्धित सेवेचे, म्हणजे फोन-संदेशांपलीकडच्या जादा सेवेचे, 49 रुपये लागलेले होते. मागची बिले काढली, तेव्हा तेच 49 रुपये सलग अकरा महिने आढळले. 18 टक्के जीएसटी धरून ही रक्कम 636 रुपये होते. सेवा होती रोजच्या राशिभविष्याची, आणि ती पुरवणारी संस्था फोन कंपनीहून निराळी, जिचे नावही आमच्या घरात कोणी ऐकले नव्हते. ग्राहक सेवेतून उत्तर मिळाले की आजींनीच दुपारी होकार दिला आहे. तारीख विचारून घेतली, तर ती त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची निघाली! त्या दुपारी त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती आणि फोन बंद करून माझ्या पर्समध्ये ठेवलेला होता. त्या होकाराची नोंद मी तीनदा लेखी मागितली. नोंद आली नाही, फक्त एका महिन्याचे पैसे परत आले. सासूबाई मात्र अजून 'माझ्याच हातून काही दाबले गेले असेल' असे म्हणत राहतात, आणि ते मला 636 रुपयांपेक्षा जास्त लागते.

ग्राहकाच्या पहिल्या होकारानंतर दुसरी स्वतंत्र पुष्टी घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करू नये, असा निर्देश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2013 मध्येच दिलेला आहे. सेवा बंद करण्यासाठी 155223 हा सर्व कंपन्यांना समान क्रमांकही आहे. आमच्या अकरापैकी एकाही बिलावर तो छापलेला नव्हता, आणि आपल्या बातमीतही तो नाही. तक्रारीवर समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येते, आणि फोनच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. मी अपील केले आहे. परंतु दोनदा दिलेला होकार जर खरोखर नोंदलेला असेल, तर तो तक्रार येताच दाखवण्यात अडचण कोणती, आणि दाखवता येत नसेल तर सर्व पैसे त्याच दिवशी परत का होऊ नयेत, हा प्रश्न आपण कंपन्यांना विचारायला हवा होता.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. कालच्याच अंकात, त्या बातमीच्या मागच्या पानावर, भविष्य जाणून घेण्यासाठी संदेश पाठवा, अशी जाहिरात आहे. तीत शुल्काचा आकडा कोठेही दिलेला नाही. अशी जाहिरात स्वीकारताना दरमहा किती पैसे कापले जातील, हे ठळक अक्षरांत छापण्याची अट आपण घालावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर