ओयासान, तुमची छत्री अजून माझ्याकडे आहे

प्रिय ओयासान,

ओसाकात मी तुम्हाला ओयासान, म्हणजे घरमालकीणबाई, म्हणायचे. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. ओसाका सोडायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं होतंत, "तुमच्या भाषेत कारिरुला काय म्हणतात?" मला एका शब्दात सांगता आलं नाही. मग तुम्ही चहा ओतलात, गाडीची वेळ विचारलीत आणि विषय निघून गेला. ते उत्तर माझ्याकडून राहिलंय. ते मराठीत लिहिलं, तर जपानी शिकणाऱ्या आमच्याकडच्या मुलामुलींनाही कळेल की तुम्ही मला काय दिलंत.

पुण्यात जपानीच्या क्लासला असताना कासु आणि कारिरु ही क्रियापदं ७ व्या धड्यात जोडीनं आली होती. कासु म्हणजे वापरायला देणं, कारिरु म्हणजे वापरायला घेणं. वहीत समोरासमोर लिहिली, परीक्षेत बरोबर आली, जपानी भाषेच्या एन४ परीक्षेचं प्रमाणपत्रही हातात पडलं. मग तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले आणि पहिल्याच जूनमध्ये त्सुयु, म्हणजे तिकडचा पावसाळा, सुरू झाला. सकाळी ऑफिसला निघाले तर पाऊस नुसता कोसळत होता आणि माझी छत्री ऑफिसात राहिलेली. तुम्ही दारातल्या कुंड्या आडोशाला घेत होतात. मी म्हटलं, "सुमिमासेन, कासा ओ कारिते कुदासाइ."

तुम्ही हातातली कुंडी खाली ठेवलीत. माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलंत, मग माझ्या मागे जिन्याकडे. छत्री कुठे आहे ते शोधत होतात, कारण मी तुम्हाला म्हणाले होते, 'माझ्याकडून छत्री घेऊन जा हं.' मला म्हणायचं होतं काशिते कुदासाइ, 'वापरायला द्या'. दुसऱ्या कुणी चूक सांगितली असती आणि मी मान डोलावून निघाले असते. तुम्ही आत जाऊन लाकडी मुठीची निळी छत्री घेऊन आलात. ती माझ्यापुढे धरलीत, पण मूठ सोडली नाहीत, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणालात, "कासु." मग माझा हात उचलून मुठीवर ठेवलात, "कारिरु," आणि सोडून दिलीत. पुन्हा काढून घेतलीत, पुन्हा दिलीत. असं तीनदा. पाऊस आत येत होता, तुमच्या चपला भिजल्या होत्या. त्या दिवसानंतर ही दोन क्रियापदं माझ्या तोंडून कधी उलटी गेली नाहीत. अजूनही कारिरु म्हणताना तळहाताला ती मूठ लागते.

चुकायचं कारण मला नंतर नीट कळलं. 'तोमोदाची नि कासा ओ कारिमाशिता' आणि 'तोमोदाची नि कासा ओ काशिमाशिता', दोन्हींत मैत्रिणीपुढे 'नि'च. पहिल्यात छत्री तिच्याकडून माझ्याकडे आली, दुसऱ्यात माझ्याकडून तिच्याकडे गेली. आम्हा मराठी माणसांचं सगळं लक्ष प्रत्ययावर असतं. 'मैत्रिणीला' म्हटलं की वस्तू गेली, 'मैत्रिणीकडून' म्हटलं की आली, त्यामुळे क्रियापद ऐकायच्या आधीच आम्हाला दिशा समजलेली असते. जपानीत शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. घेताना 'नि'ऐवजी 'कारा', म्हणजे 'कडून', वापरला तरी चालतं, आणि वाचनालय किंवा बँक असेल तर 'कारा'च बरा, हेही तुमच्याकडूनच कळलं. नव्यानं शिकणाऱ्यांना मी हेच सांगते: आधी 'कारा' पक्का करा, 'नि' मागाहून येईल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ओयासान, आमच्याकडे हा एक शब्द नाही, खूप आहेत. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती उसनी. ओळखीच्या माणसाकडून चार दिवसांसाठी पैसे घेतले तर हातउसने. वाण्याकडे वहीत मांडून ठेवलं तर उधार. बँकेकडून काढलं तर कर्ज. घर, गाडी, लग्नातली भांडी घेतली ती भाड्यानं. आणि छत्री? छत्रीला आम्ही नावच देत नाही, 'जरा छत्री नेते गं' एवढंच म्हणतो. तोंड उघडायच्या आधी आम्हाला ठरवावं लागतं की पैसे पडणार की नाही, आणि तीच वस्तू परत द्यायची की तेवढीच दुसरी. तुमच्या कारिरुला त्यातलं काही विचारायचं नसतं. वाचनालयातलं पुस्तक फुकट आणि माझी वरची खोली महिन्याच्या याचिनवर, म्हणजे भाड्यावर, तरी दोन्हींना कारिरुच. तुमच्या बाजूनं पाहिलं तर तीच खोली तुम्ही कासु करत होतात. भाडेकरार वाचताना माझं सगळं लक्ष शिकिकिन किती, रेइकिन किती याकडे होतं. शिकिकिन म्हणजे अनामत, ती निघताना हिशेब होऊन परत मिळते. रेइकिन परत येत नाही, शब्दशः ते आभाराचे पैसे. तुम्ही रेइकिन घेतलंच नव्हतंत. तेव्हा मला ते नुसतं स्वस्त पडलं म्हणून बरं वाटलं होतं. आज त्याचेही आभार मानते.

आणखी एक दिवस आठवतो. समोरच्या घरातला मुलगा खेळता खेळता धावत आला आणि दारातून ओरडला, "तोइरे काशिते!" संडास उसना दे! आमच्याकडे म्हणतात, 'जरा बाथरूमला जाऊन येऊ का?' उचलून नेता येत नाही ते उसनं कसं मागायचं, हे मला पटेना. तुम्ही म्हणालात, जे दुसऱ्याचं आहे आणि आपण थोडा वेळ वापरतो ते सगळं कारिरु. मदत घेतली तर हात कारिरु, सल्ला घेतला तर शहाणपण कारिरु. माझ्या मनात तेव्हा आमचं 'उसनं अवसान' आलं होतं, पण ते जपानीत सांगण्याइतके शब्द तेव्हा नव्हते.

आणि तुमचं ओसाकाचं बोलणं! एकदा पुस्तकांची पिशवी घेऊन आलात आणि म्हणालात, "तोशोकान दे कात्ते किता." मी शिकले होते की कात्ते म्हणजे विकत घेऊन. वाचनालयात पुस्तकं विकतात की काय, या विचारात मी पडले. तेव्हा तुम्ही सांगितलंत की तुमच्याकडे विकत घेतलं तर 'कोऽते', आणि 'कात्ते' हे कारुचं रूप. जुन्या जपानीत हे क्रियापद कारुच होतं. पूर्वेकडे त्याचं कारिरु झालं, प्रमाणभाषेत तेच गेलं, आणि पश्चिमेकडच्या बोलीत कारु टिकून राहिलं. 'तोरा नो इ ओ कारु कित्सुने', वाघाचा दरारा उसना घेऊन मिरवणारा कोल्हा, या म्हणीत तर टोकियोची माणसंही कारुच म्हणतात. तुम्ही हे ज्या अभिमानानं सांगितलंत, तो मला फार ओळखीचा वाटला. माझी आजी कोल्हापूरची, तीही आपल्या बोलीबद्दल असंच बोलायची.

परत देण्याचा शब्द, काएसु, मात्र मला शिकवावा लागला नाही. तुम्ही डब्यातून शिजवलेला लाल भोपळा पाठवला होतात. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईनं लहानपणापासून अंगात भिनवलेलं. मी डबा घासून पुसून त्यात चार रव्याचे लाडू घालून खाली आणून दिला. तुम्ही झाकण उघडलंत आणि एकदम शांत झालात. मग म्हणालात, "ओउत्सुरि." तुमच्या आईच्या वेळी दुसऱ्याचं भांडं परत करताना त्यात असंच काहीतरी घालायचे, काड्यापेटी नाहीतर थोडा कागद, आणि त्याला हा शब्द होता. आता कुणी करत नाही, म्हणालात. डबा दोन्ही हातांत धरून तुम्ही बराच वेळ दारात उभ्या होतात.

चोनाइकाइच्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या रहिवाशांच्या मंडळाच्या, बैठकीत तुम्ही एकदा उठून बोलला होतात, तेव्हा तुमचं पहिलं वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं होतं: 'कोनो बा ओ ओकारि शिते, ओरेइ ओ मोशिआगेमास.' ही जागा उसनी घेऊन आभार मानते. आज ते मी तुम्हाला म्हणते.

ती निळी छत्री सामानात बांधली गेली, पुण्यात बॅग उघडल्यावर सापडली. येत्या नोव्हेंबरमध्ये मी ओसाकाला येतेय, तेव्हा ती आणते. हे पत्रही तेव्हा जपानीत वाचून दाखवीन. छत्रीत काही घालता येत नाही, म्हणून लाडवांचा डबा वेगळा आणतेय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची