बॉक्स बदलला, पॅक बदलला आणि आमच्या आईंचा टीव्ही बंद पडला

प्रति,
मा. नोडल अधिकारी,
तक्रार निवारण, ग्राहक सेवा विभाग

भांडुप (पश्चिम), मुंबई
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

विषय : न मागता बसवलेला नवा सेट-टॉप बॉक्स, न सांगता लावलेला ओटीटी कॉम्बो पॅक आणि पाच महिन्यांची जादा वजावट ₹१,५१६.३० परत मिळण्याबाबत

महोदय,

आमच्याकडे तुमची डिश २०१२ पासून आहे. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईतली साधी केबल बंद झाली आणि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा आम्ही गल्लीतल्या केबलवाल्याला सोडून तुमच्याकडे आलो. तेव्हापासून एकही रिचार्ज चुकवलेला नाही. पावसाळ्यात ढग दाटले की चित्राचे तुकडे पडतात, ‘सिग्नल नाही’ येतं, त्याबद्दल आम्ही कधी तक्रार केली नाही. जोराच्या पावसात उपग्रहाचा सिग्नल खाली पोचत नाही, हे समजण्यासारखं आहे. आजची तक्रार पावसाची नाही. ती माणसांनी केलेल्या कामाची आहे.

२७ जून रोजी तुमचा टेक्निशियन घरी आला. घरात फक्त माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, होत्या. त्यांचं वय ८१, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी घाटकोपरला लोकलमध्ये होते. टेक्निशियनचा फोन आला, “मॅडम, जुना बॉक्स कंपनी बंद करतेय, नवीन लावलाय, अ‍ॅक्टिव्हेट करायला ओटीपी आलाय तो सांगा.” मी विचारलं, पैसे किती? “काही नाही मॅडम, जुन्या ग्राहकांना अपग्रेड फ्री आहे.” गर्दीत एका हाताने दांडी धरून मी आकडे वाचून दाखवले. तो ओटीपी बॉक्स चालू करण्यासाठी नव्हता, चॅनलसोबत ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चालणारे अ‍ॅप, असलेल्या सहा महिन्यांच्या ‘कॉम्बो’ पॅकला माझी संमती म्हणून घेतला होता, हे मला कळलं १ नोव्हेंबरला. मधल्या काळात तुमच्याकडून एक मेसेज आला होता, इंग्रजीत, रात्री अकरा वाजून गेल्यावर. त्यात पॅकचं नाव होतं, रक्कम नव्हती.

आता हिशेब मांडते, कारण तुमच्या कॉल सेंटरवर प्रत्येक वेळी तो मला नव्याने सांगावा लागला. आमचा जुना पॅक असा होता : नेटवर्क शुल्क १३० रुपये, आम्ही निवडलेले चॅनल ११२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ₹२८५.५६. गुढीपाडव्याला ३,५०० रुपयांचा रिचार्ज केला की वर्ष निघतं, दरवर्षी तसंच करतो. यंदाही ३० मार्चला केला. एप्रिल, मे, जून ठीक गेले. जुलैपासून तुम्ही दरमहा ₹५८८.८२ कापू लागलात. पुढच्या मार्चपर्यंत पुरायचे पैसे ऑक्टोबरअखेर संपत आले आणि १ नोव्हेंबरला सकाळी स्क्रीन काळी झाली. खात्यात ₹२८८.०४ शिल्लक होते. आमचा जुना पॅक असता तर तो महिना त्यात निघाला असता.

कॉल सेंटरवर सांगण्यात आलं की कॉम्बो पॅक डिसेंबरपर्यंत काढता येणार नाही आणि टीव्ही हवा असेल तर रिचार्ज करा. मी नाही म्हटलं. न मागितलेल्या मालाचे पैसे का भरायचे?

दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी होती आणि महिला विश्वचषकाची अंतिम लढतही. आपल्या मुलींचा सामना, तोही इथे नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आमच्या आईंना क्रिकेट कळतं. लालबागच्या चाळीत त्या रेडिओवर कॉमेंटरी ऐकत स्वयंपाक करायच्या. दिवसभर त्यांनी दोनदा विचारलं, “टीव्ही लागला का गं?” शेवटी मुलाने त्याच्या मोबाईलवर सामना लावला. पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून आम्ही चौघं त्याच्यासमोर बसलो. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला होता, मध्यरात्र होत आली तरी आई जाग्या होत्या. तेवढ्या स्क्रीनवर त्यांना चेंडू दिसत नव्हता, त्या आमच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आफ्रिकेची शेवटची जोडी खेळत असताना समोरच्या विंगमधून एकदम आरडाओरडा झाला, खाली फटाका फुटला. आमच्या मोबाईलवर दीप्ती शर्मा अजून चेंडू घेऊन धावायला मागे चालली होती. आई म्हणाल्या, “जिंकलो का?” मोबाईलकडे बघत मी म्हटलं, “अजून नाही.” मग बऱ्याच वेळाने आमच्याकडे हरमनप्रीतने तो झेल धरला. तोवर सगळी सोसायटी खाली उतरली होती. पहिल्यांदा खेळल्यापासून ४७ वर्षांनी एकदिवसीय विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला आणि ज्या बाईने हयातभर क्रिकेट ऐकलं, तिला तो क्षण शेजाऱ्यांच्या ओरडण्यातून कळला. हे मी विसरणार नाही.

३ नोव्हेंबरला मी ३०१ रुपये भरले, म्हणजे खातं ५८८.८२ च्या जेमतेम वर पोचलं आणि टीव्ही लागला. ही माझी मान्यता समजू नये. आईंचे दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून भरले.

आता बॉक्सबद्दल, कारण पैशांपेक्षा माझं जास्त दुखणं ते आहे.

जुन्या रिमोटवर मी दोन टिकल्या चिकटवल्या होत्या. एक ‘चालू’च्या बटणावर, एक पाचच्या आकड्यावर. आई अंगठ्याने टिकली चाचपायच्या आणि तिथून बाकीचे आकडे मोजायच्या. तीन आकडे दाबले की त्यांची मालिका, दुसरे तीन दाबले की सह्याद्री. कोणाला हाक मारायची गरज नाही. दुपारी एक ते पाच त्या घरात एकट्या असतात, तेव्हा टीव्ही हा त्यांच्या हातातला होता. तुमचा माणूस जुन्या बॉक्सबरोबर तो रिमोटही घेऊन गेला.

नव्या रिमोटवर अ‍ॅपची चार रंगीत बटणं आहेत आणि आकडे मुगाच्या दाण्याएवढे. टीव्ही लावला की चॅनल येत नाही. आधी पोस्टर्सची भिंत येते, त्यात खाली जायचं, उजवीकडे जायचं, मग ‘लाईव्ह टीव्ही’. आईंचा अंगठा एखाद्या अ‍ॅपवर पडला की ते लॉगिन मागतं, स्क्रीनवर कोड येतो, ओटीपी जातो मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा ऐरोलीला ऑफिसात. एका दुपारी त्यांचा डोळा लागला. जागं होऊन बघतात तर चित्र थांबलेलं आणि ‘तुम्ही अजून बघत आहात का?’ असा प्रश्न. आपल्या हातून काहीतरी बिघडलं म्हणून त्यांनी मेन स्विच बंद केला आणि मी येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. इंटरनेट गेलं तर बॉक्स त्या भिंतीवरच अडकतो. डिशचं कनेक्शन असून वायफायवाचून चॅनल दिसू नये, हे मला कोणी समजावून सांगावं.

याबद्दल मी ३० जून, ९ जुलै आणि २१ ऑगस्टला तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा दोन दिवसांत ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा मेसेज आला. कोणी आलं नाही. तिसऱ्या वेळी फोनवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, आता सगळे ओटीटीवरच बघतात, आजींना हळूहळू सवय होईल.” ती मुलगी वाईट बोलली नाही, तिला तसंच सांगायला शिकवलं असणार. पण त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला.

आमच्या घरातही हा विचार चालू आहेच. मुलाचं म्हणणं, डिश काढून टाका. फायबर इंटरनेटचे करासह ₹८२४.८२ आपण तसेही भरतो, त्याच्यावर एक-दोन अ‍ॅप घेतले की झालं. त्याचं खोटं नाही. तो स्वतः तीन वर्षांत टीव्हीसमोर बसलेला नाही, त्याला हवं ते तो हवं तेव्हा बघतो. ह्यांना बातम्या आणि क्रिकेट लागतं, तेही मोबाईलवर मिळतं. पण एक मालिका एका अ‍ॅपवर, सामना दुसऱ्यावर, सिनेमा तिसऱ्यावर. कुठे जाहिराती नको असतील तर त्याचे पैसे वेगळे. सगळं धरलं तर ओटीटी स्वस्त आहे असं मला छातीठोक सांगता येत नाही, आणि लाईव्ह सामना किती मागून येतो ते आम्ही त्या रात्री बघितलंच. सह्याद्रीपुरतं बघायचं तर डीडी फ्री डिश आहे, एकदा बॉक्स घेतला की महिन्याला दमडी नाही. पण आईंची मालिका सशुल्क चॅनलवर आहे.

तरीही आम्ही तुमच्याकडे राहिलो ते फक्त एका गोष्टीसाठी. आकडा दाबला की चॅनल येतं. ना पासवर्ड, ना ओटीपी, ना इंटरनेट. ८१ वर्षांच्या बाईला कोणाची मदत न घेता टीव्ही बघता येतो, हे आजच्या घडीला ओटीटीला जमत नाही आणि तुम्हाला जमत होतं. ग्राहक जातोय म्हणून घाबरून तुम्ही नेमकं तेच काढून टाकलंत. अ‍ॅपच बघायचे असतील तर ते आमच्या टीव्हीत आहेत, त्यासाठी तुमचा बॉक्स कशाला ठेवायचा?

आईंनी टीव्ही पहिल्यांदा बघितला तो चाळीत, दुसऱ्याच्या खोलीत, दारात उभं राहून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यानंतर दोनेक वर्षांतली गोष्ट. पुढे स्वतःच्या घरात टीव्ही आला तेव्हा चॅनल बदलायचा खटका त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही, असं सासरे सांगायचे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सुटे चॅनल निवडायची मुभा दिली, तेव्हा आम्ही दोघींनी कॅलेंडरच्या पानामागे यादी केली. हे हवं, हे नको, एचडी घेतला तर तो दोन चॅनल धरतात म्हणून साधाच ठेवू. १३० रुपयांत तेव्हा १०० चॅनल होते, पुढच्या वर्षी २०० झाले. २०२४ च्या जुलैत ट्रायने नेटवर्क शुल्कावरची मर्यादा काढली आणि ते किती घ्यायचं हे कंपन्यांवर सोपवलं. ते तुम्ही १३० च ठेवलंत, त्याबद्दल मी तुम्हाला चांगलंच म्हणत होते. निवड ग्राहकाची, हा त्या सगळ्या नियमांचा गाभा आहे. आमची यादी तुम्ही आम्हाला न विचारता पुसली.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवून पैसे किंवा होकार काढणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार दिले आहेत. न सांगता बिलात वस्तू घालणं, म्हणजे बास्केट स्नीकिंग, त्यात आहे. ग्राहकाला बाहेर पडू न देणारं सबस्क्रिप्शनचं जाळंही आहे. ‘फ्री अपग्रेड’ म्हणून ओटीपी घ्यायचा आणि मग सहा महिने पॅक काढता येणार नाही म्हणायचं, हे या दोन्हींत बसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून माझी मागणी अशी. जुलै ते नोव्हेंबर दरमहा ₹३०३.२६ प्रमाणे जादा कापलेले ₹१,५१६.३० माझ्या बँक खात्यात परत करावेत, डिशच्या वॉलेटमध्ये नव्हे, कारण त्या वॉलेटवर आता माझा विश्वास उरलेला नाही. कॉम्बो पॅक आजच्या तारखेपासून काढावा आणि जुनी यादी जशीच्या तशी लावावी. ती सोबत जोडली आहे. २७ जूनच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये नेमकं काय लिहिलं होतं त्याची प्रत द्यावी. आणि बॉक्स बदलून साधा द्यावा, नाहीतर याच बॉक्समध्ये चालू केल्याबरोबर शेवटचं चॅनल लागेल अशी सोय करून द्यावी. ती सोय होत असेल तर मला कंपनीशी भांडायची हौस नाही, आम्ही राहू.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे जाईन आणि तिथूनही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात. तिन्ही तक्रारींचे क्रमांक, ‘निवारण झाले’चे मेसेज, ३० मार्च आणि ३ नोव्हेंबरच्या रिचार्जच्या पावत्या सोबत आहेत.

टेक्निशियन पाठवणार असाल तर संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी पाठवा, मी घरी असताना. त्याने आईंकडून किंवा माझ्याकडून कोणताही ओटीपी मागू नये. येताना आकडे मोठे असलेला रिमोट आणावा. टिकल्या मी लावून घेईन.

आपली ग्राहक,
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक सोबतच्या पावतीवर)