जीर्णोद्धाराआधी दगडांची नोंद हवी

संपादक महोदय,

गावोगावच्या जुन्या शिवालयांच्या जीर्णोद्धाराच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. लोकवर्गणी, श्रमदान आणि कलशारोहण यांचे कौतुक त्यांत असते आणि ते रास्तही आहे. मात्र काम सुरू होण्यापूर्वी मंदिराच्या घडीव दगडांची, त्यांवरील अक्षरांची आणि आवारात विखुरलेल्या अवशेषांची नोंद कोणी करून ठेवली होती का, याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

अशा नोंदीचे मोल अंबरनाथच्या शिवमंदिरावरून कळते. तेथील उत्तरेकडच्या दारावर, आतल्या बाजूस, शिलाहार राजा मामवाणी याच्या काळातील शिलालेख आहे. त्यातील शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेख नव्याने तपासून तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे दाखवून दिले. एका आकड्याच्या वाचनाने मंदिराचा काळ दोनशे वर्षांनी पुढे आला. ही दुरुस्ती होऊ शकली ती दगडावरची अक्षरे उघडी होती म्हणून. आज अनेक गावांत चौकटी, खांब आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) यांवर ऑइलपेंटचे हात दरवर्षी चढतात आणि अक्षरांच्या खाचा बुजून जातात. तिथे भगवानलालांसारखा अभ्यासक आला तरी त्याने काय वाचावे?

माहितीफलकावर बहुतेक ठिकाणी ‘हेमाडपंती’ एवढे लिहून भागवले जाते. ज्याच्यावरून हे नाव पडले तो हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचे मंदिर त्याच्या दोन शतके आधी उभे राहिले होते. मंदिराचा काळ ठरतो तो लेखांवरून, खांबांच्या घडणीवरून आणि शिखराच्या रचनेवरून. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर पाहावे : चारही बाजूंनी तळापासून वर निमुळत्या होत गेलेल्या लता, म्हणजे उभे कोरीव पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी. ही भूमिज शैली. ज्या मंदिराचे शिखर पडून गेले आहे, तिथे अशी एखादी शिखरिका आवारात पडलेली असली, तर मूळ शिखर कोणत्या पद्धतीचे होते याचा तोच काय तो पुरावा असू शकतो. नेमका तोच दगड नव्या सभामंडपाच्या पायात जातो.

दुसरा प्रश्न सिमेंटचा. या मंदिरांतील दगड चुन्याशिवाय, वजनाच्या आणि खाचांच्या आधारावर एकमेकांत बसवलेले आहेत. मजबुतीसाठी म्हणून दरजा सिमेंटने भरल्या, की सांध्यात शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट बंद होते. ओल आत साठते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी जमतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या लोकांनी जीर्णोद्धार केले नाहीत असे नाही. औंढा नागनाथला खालचा कोरीव भाग यादवकालीन आणि वरचे शिखर नंतरचे, हे पाहताक्षणी लक्षात येते, कारण नंतरच्यांनी आपले काम वर चढवले, पण खालचे झाकले नाही.

संरक्षित स्मारकांना कायद्याचे कवच आहे. खरी अडचण आहे ती कोणत्याच यादीत नसलेल्या मंदिरांची. तिथे निर्णय विश्वस्त आणि ठेकेदार घेतात, आणि त्यांना सल्ला द्यायला कोणी नसते. यातील अनेक देवस्थानांना ‘ब’ आणि ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्र म्हणून शासकीय निधी मिळतो. तो देण्यापूर्वी मंदिराची मोजमापे, छायाचित्रे, शिलालेखांचे ठसे आणि सुट्या अवशेषांची यादी राज्य पुरातत्त्व विभागाकडे जमा करणे सक्तीचे करावे, तसेच रंग आणि सिमेंट यांच्या वापरास विभागाची लेखी संमती घ्यावी, अशी माझी शासनास विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक